कुलूपबंद घरे आणि भाड्याच्या छपराचा शोध

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शहरांतील भाड्याच्या घरांविषयी मागच्या अंकात लिहिल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता. सार्वजनिक पैशाने बांधलेली घरे कुलूपबंद असताना गरजू माणसाला ती माफक भाड्याने का मिळू नयेत, असे वाचक विचारत आहेत. त्यांतील काही निवडक पत्रे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या शहराच्या वेशीवर पंधरा वर्षांपूर्वी झोपडपट्टीवासीयांसाठी बांधलेल्या चार मजली इमारती आहेत. त्यांतील अनेक घरांत आजवर कोणी राहायलाच आलेले नाही. दुसरीकडे रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहणारी माणसे रात्री उड्डाणपुलाखाली झोपतात. ही घरे त्यांना भाड्याने देण्याची एखादी शासकीय योजना आहे का? असल्यास ती आमच्याकडे दिसत का नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, उत्तर महाराष्ट्र

उत्तर : अशी योजना आहे, आणि ती नेमकी आपण वर्णन केलेल्या घरांसाठीच आखलेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर डोक्यावर गाठोडी आणि कडेवर लेकरे घेऊन गावाकडे चालत निघाले, तेव्हा या माणसांना शहरात काम होते पण हक्काचा आसरा नव्हता, हे साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी १४ मे रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याच्या घरांची घोषणा केली आणि ८ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘अफोर्डेबल रेंटल हाउसिंग कॉम्प्लेक्स’ म्हणजे परवडणारी भाडे गृहसंकुले या योजनेला मान्यता दिली. ही प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) अंतर्गत असलेली उपयोजना होती. तिचे दोन भाग होते. आधीच्या योजनांतून बांधलेली पण रिकामी राहिलेली सरकारी घरे भाड्याने देणे हा पहिला भाग, तर उद्योगांनी, संस्थांनी किंवा विकासकांनी आपल्या जमिनीवर नवी भाडे संकुले बांधणे हा दुसरा.

आपला प्रश्न पहिल्या भागाचा आहे. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान आणि त्यानंतरची राजीव आवास योजना यांतून बांधलेल्या घरांपैकी सुमारे १ लाख ८ हजार घरे देशभर रिकामी असल्याचे योजना आखताना केंद्राने गृहीत धरले होते. त्यांतील मोठा वाटा दिल्लीचा आणि आपल्या महाराष्ट्राचा होता. व्यवस्था अशी की, महापालिकेने किंवा नगर परिषदेने ही घरे स्वतः अथवा सार्वजनिक संस्थेमार्फत दुरुस्त करून भाड्याने द्यावीत, किंवा निविदा काढून २५ वर्षांच्या कराराने एखाद्या कंपनीकडे सोपवावीत. त्या कंपनीने दुरुस्ती करायची, पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते यांतील त्रुटी भरून काढायच्या, घरे भाड्याने द्यायची, भाड्यातून खर्च आणि नफा काढायचा आणि मुदत संपली की संकुल पालिकेला परत करायचे. पालिका मग पुन्हा तोच फेरा सुरू करू शकते. मालकी एक दिवसही पालिकेच्या हातून जात नाही, आणि मला या योजनेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

आता ती दिसत का नाही, याकडे वळू. चंडीगडमध्ये मालोया येथील २,१९५ घरे या योजनेत प्रथम भाड्याने गेली आणि तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणाऱ्या कुटुंबांना तेथे जागा मिळाली. सुरतेत ३९३ घरे गेली. गुजरात, राजस्थान अशा राज्यांतील आणखी काही शहरे धरून देशभराचा आकडा ५,६४८ घरांवर थांबला. ज्या १ लाख ८ हजार घरांसाठी योजना निघाली, त्यांतील शंभरामागे साधारण पाच घरांचे कुलूप उघडले, असा याचा अर्थ होतो.

एवढे कमी का, याचे उत्तर कागदावर मिळणार नाही, त्यासाठी त्या इमारतींत जाऊन उभे राहावे लागते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका वसाहतीत गेलो होतो. जिन्याखालच्या पेटीत वीजमीटरच्या जागा कोरलेल्या होत्या, पण मीटर नव्हते. तिसऱ्या मजल्यावरील एका घरात मोरीच्या भिंतीतून नळाचे टोक बाहेर आलेले होते आणि त्याला लाकडी खुंटी ठोकलेली होती, कारण तोटी कोणीतरी केव्हाच काढून नेली होती. खिडकीच्या चौकटी गेल्या होत्या आणि कठड्यावर पारव्यांनी घरटी केली होती. त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी सांगितले की, त्या पूर्वी नाल्याकाठच्या झोपडीत राहत होत्या आणि चार घरची धुणीभांडी पायी जाऊन करत होत्या. इथे आल्यावर ती कामे सुटली, कारण पहिली बस साडेसातला आणि त्यांची पहिली मालकीण सातला दार उघडणारी. त्यांच्या शेजारच्या दोन्ही कुटुंबांनी घराची किल्ली घेतली, कुलूप लावले आणि ती परत नाल्याकाठी गेली.

रिकाम्या सरकारी घरांची गोष्ट बहुतेक ठिकाणी हीच आहे. जमीन स्वस्त मिळते म्हणून घरे शहराबाहेर बांधली जातात, मग पाणी पोहोचत नाही, बस पोहोचत नाही, शाळा दूर पडते आणि रोजगार तर त्याहून दूर. ज्या कारणाने लाभार्थी मालकीने यायला तयार नव्हता, त्याच कारणाने भाडेकरूही येत नाही. शिवाय दुरुस्तीचा सारा खर्च भाड्यातूनच निघायचा असल्याने, घरे जितकी अधिक मोडकळीस आलेली तितकी निविदा भरणारी कंपनी मिळणे अवघड. निविदेत पालिकेला जास्तीत जास्त रक्कम देणाऱ्याची निवड होते आणि कोणीच रक्कम द्यायला तयार नसेल तर पालिकेने पदरचे पैसे घालून तूट भरून द्यावी, अशी सोय योजनेत आहे. पण कर्मचाऱ्यांचे पगार भागवताना मेटाकुटीला येणारी पालिका ही सोय वापरत नाही. अनेक घरे तर कागदोपत्री कोणा ना कोणा लाभार्थ्याच्या नावे राखून ठेवलेली असतात. लाभार्थी येत नाही आणि त्याचे नाव यादीतून कमी करण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून तेही घर अडकते.

ही चूक आपल्याला नवी नाही. १९२० च्या दशकात मुंबईत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने, म्हणजे आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो त्या उभारणाऱ्या सरकारी खात्याने, कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. पुढे वरळीच्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कामगार संस्कृतीचा एक मोठा अध्याय घडला, पण सुरुवातीची वर्षे त्यांतील कितीतरी खोल्या रिकाम्याच होत्या. गिरण्यांपासून अंतर, सोयींची वानवा आणि न परवडणारे भाडे ही त्याची कारणे होती. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या रिकाम्या चाळींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग करण्यात आला. शंभर वर्षांपूर्वी मिळालेला हा धडा आपल्या नगररचनाकारांनी वेशीवरच्या जमिनी निवडताना विसरायला नको होता.

प्रश्न : मी बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतो. कुटुंब बरोबर आहे. सरकारी भाड्याचे घर मिळण्यासाठी काय पात्रता लागते? भाडे किती असते? दहा वर्षे भाडे भरले की घर नावावर होते, असे एक एजंट सांगतो. ते खरे आहे का?
— एक कामगार, पिंपरी-चिंचवड परिसर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आपले पैसे बुडण्याचा धोका आहे. ते खरे नाही. या योजनेतील घर कितीही वर्षे भाडे भरले तरी भाडेकरूच्या नावावर होत नाही. त्या एजंटला एक रुपयाही देऊ नये.

पात्रतेचे म्हणाल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील शहरी स्थलांतरित आणि गरीब यांच्यासाठी ही घरे आहेत. त्यांत बांधकाम मजूर, कारखान्यांतील कामगार, फेरीवाले, रिक्षावाले, हॉटेलांत आणि दुकानांत काम करणारे, विद्यार्थी अशा सर्वांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपण बसता. प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला असून त्यात भाड्याची घरे हा चार घटकांपैकी एक स्वतंत्र घटक आहे. रिकामी सरकारी घरे भाड्याने देण्याची तरतूद त्यातही कायम आहे. त्या टप्प्यानुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असल्यास दुर्बल गट आणि ६ लाखांपर्यंत असल्यास अल्प उत्पन्न गट मानला जातो.

सुरुवातीचे भाडे स्थानिक पालिका त्या भागातील दर पाहून ठरवते, त्यामुळे सगळीकडे एकच आकडा नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढ करता येते, आणि पाच वर्षांत एकूण वाढ २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या शहरात असे संकुल प्रत्यक्ष सुरू झाले आहे का, हे मात्र पालिकेच्या प्रधानमंत्री आवास योजना कक्षात जाऊन विचारावे. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा पुरावा किंवा स्वयंघोषणापत्र आणि बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असल्यास ते ओळखपत्र जवळ ठेवावे. नोंदणी नसेल तर ती अवश्य करून घ्यावी. घराखेरीज मुलांच्या शिक्षणापासून आजारपणापर्यंत इतर कामांतही ती उपयोगी पडते.

प्रश्न : पनवेलजवळ कोन येथील गिरणी कामगारांना मिळालेली घरे मुळात भाड्याने देण्यासाठी बांधली होती, असे वाचनात आले. मग ती मालकीची कशी झाली? हे चांगले झाले की वाईट?
— गिरणी कामगाराचा मुलगा, लालबाग

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, भाडेतत्त्वावरील घरांची मोठी योजना हाती घेतली होती. खासगी विकासकाने आपल्या जमिनीचा एक भाग वापरून १६० चौरस फुटांची घरे बांधून ती प्राधिकरणाला विनामूल्य द्यायची आणि त्या बदल्यात त्याला उरलेल्या जागेवर विक्रीसाठी भरघोस वाढीव चटईक्षेत्र मिळायचे, असा तो सौदा होता. घरे महिना ८०० ते १,५०० रुपये भाड्याने देण्याचा विचार होता, म्हणजे झोपडीच्या भाड्यात पक्के घर. हा आकार पाहून बीडीडी चाळीची खोली आठवल्याशिवाय राहत नाही. इतक्या वर्षांनीही कष्टकरी कुटुंबासाठी आपल्या सरकारचे माप १६० चौरस फुटांवरच अडलेले होते.

घरे उभी राहू लागली, पण ती भाड्याने द्यायची कोणाला, भाडे गोळा कोण करणार, थकबाकीदाराला बाहेर कोण काढणार, लिफ्ट बंद पडली तर कोणाला सांगायचे, या प्रश्नांना कोणत्याही यंत्रणेकडे उत्तर नव्हते. जमीन मिळवणे, निविदा काढणे, सोडत काढणे आणि किल्ली देणे येथे आपल्या गृहनिर्माण यंत्रणेचे कौशल्य संपते. पंचवीस वर्षे घरमालक म्हणून वागणे हे वेगळे काम आहे आणि त्यासाठी माणसे, हिशेब आणि रोजचे लक्ष लागते. ती तयारी नसल्यामुळे भाड्याची कल्पना काही वर्षांतच बाजूला पडली आणि घरांची वाटणी गिरणी कामगार, प्रकल्पग्रस्त व संक्रमण शिबिरे आणि शासकीय कर्मचारी यांच्यात करण्याचे धोरण आले. डिसेंबर २०१६ मध्ये म्हाडाने कोन येथील २,४१७ घरांची सोडत काढली. १६० चौरस फुटांची दोन घरे जोडून एक, आणि किंमत ६ लाख रुपये.

त्यानंतरही कुलूप उघडले नाही. पात्रता तपासणी लांबली, मग २०२० मध्ये ही घरे करोना रुग्णांच्या विलगीकरणासाठी घेण्यात आली आणि परत मिळाली तेव्हा त्यांची मोडतोड झालेली होती. दुरुस्ती कोणी करायची, यावर दोन सरकारी यंत्रणांत पत्रव्यवहार चालला. प्रत्यक्ष ताबा देण्याला २०२३ साल उजाडले. या सात वर्षांत किती कामगार आपल्या घराचे दार न उघडताच गेले असतील, याचा विचार मनाला फार लागतो. गिरणी बंद पडण्यापासून सोडतीपर्यंत ज्यांनी वाट पाहिली, त्यांना नाव लागल्यानंतरही वाटच पाहावी लागली.

चांगले की वाईट, असे आपण विचारता. गिरणी कामगाराचा मुंबईवरचा हक्क मी निर्विवाद मानतो आणि त्याला घर मिळाले याचा मला आनंदच आहे. तरीही या निर्णयाने एक नुकसान झाले. महानगर प्रदेशात आज जो तरुण कामाला येतो, ज्याच्याकडे ६ लाखही नाहीत आणि सोडतीसाठी अधिवासाचे प्रमाणपत्रही नाही, त्याच्यासाठी राखलेला घरांचा एकमेव साठा संपला. दोन्ही हक्क खरे होते, आणि एकाची भरपाई दुसऱ्याच्या वाट्यातून झाली. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात भाड्याच्या घरांना पुन्हा स्थान मिळाले आहे. त्यासाठी घरे चालवणारी कायमस्वरूपी यंत्रणा उभी राहणार की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

प्रश्न : माहुलमध्ये हजारो घरे रिकामी आहेत. ती बेघरांना फुकट किंवा नाममात्र भाड्याने देऊन टाकली तर काय बिघडेल?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : बिघडेल ते त्या बेघरांच्या आरोग्याचे. माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत ७२ इमारती आणि १७ हजारांहून अधिक घरे आहेत, आणि ती तेल शुद्धीकरण कारखाने व रसायनांच्या टाक्यांना खेटून आहेत. तेथील हवेच्या प्रदूषणाची गंभीर दखल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच घेतली होती. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना माहुलला पाठवले गेले, तेव्हा त्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले आणि न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, या कुटुंबांना अन्यत्र घर द्या अथवा दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, असा आदेश दिला. पुढे पालिकेने यांतील सुमारे ९ हजार घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांना विकत देऊ केली, तर त्यालाही फारच थोडा प्रतिसाद मिळाला. मुंबईत या किमतीत गाडी उभी करायला जागा मिळत नाही, तरीही माणसे पुढे आली नाहीत, यातच सर्व आले.

आपल्या मनातील कळकळ मला समजते. पण ज्या घरात पगारदार माणूस राहायला तयार नाही, ते घर बेघराला ‘निदान छप्पर तरी’ म्हणून देणे मला मान्य नाही. त्याच्याकडे नाही म्हणण्याची ताकद नसते, एवढ्यामुळे त्याच्या मुलांची फुप्फुसे वेगळी होत नाहीत.

प्रश्न : माझा पुण्यात एक दोन खोल्यांचा फ्लॅट पाच वर्षे बंद आहे. भाडेकरू घर सोडणार नाही, या भीतीने मी तो देत नाही. माझी मुलगी आयर्लंडमध्ये वॉटरफर्ड येथे असते. तेथे सरकारच बंद घरे दुरुस्त करून भाड्याने चालवते, असे ती सांगते. आपल्याकडे असे का होत नाही?
— एक ज्येष्ठ नागरिक, पुणे

उत्तर : आपल्यासारखे घरमालक थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या नागरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने त्याकडे लक्ष वेधले तेव्हा राज्यांत महाराष्ट्र सुमारे २० लाखांसह पहिला होता आणि शहरांत मुंबई सुमारे ४ लाख ८० हजारांसह पहिली. जनगणनेच्याच सुमारास, २०१२ मध्ये, नागरी घरांची टंचाई तज्ज्ञ गटाने १ कोटी ८७ लाख ८० हजार एवढी मोजली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की, नुसते बांधत राहिल्याने टंचाई का हटत नाही ते कळते. रिकामी घरे एका वर्गाची आहेत आणि टंचाई दुसऱ्या वर्गाची.

कन्या सांगते ती योजना खरी आहे. ‘रिपेअर अँड लीज’ नावाने तिची चाचणी प्रथम वॉटरफर्ड आणि कार्लो येथे झाली आणि २०१७ मध्ये ती आयर्लंडभर लागू झाली. किमान एक वर्ष बंद असलेल्या घराच्या मालकाला दुरुस्तीसाठी बिनव्याजी कर्ज मिळते; त्याची मर्यादा अलीकडे ८० हजार युरोपर्यंत वाढवली आहे. त्या बदल्यात त्याने घर ५ ते २५ वर्षांसाठी नगर परिषदेला सामाजिक गृहनिर्माणाकरिता भाड्याने द्यायचे, आणि कर्जाची फेड मिळणाऱ्या भाड्यातून वळती होते. मालकाचा भाडेकरूशी संबंध येत नाही, त्याचा करार परिषदेशी असतो आणि भाडे बुडत नाही. वॉटरफर्डने दुकानांच्या वरचे बंद मजले, जुनी गोदामे आणि पडक्या इमारती यांत या मार्गाने घरे केली आणि ते या योजनेत देशात सर्वांत पुढे राहिले. परिषदेचे अधिकारी बंद घरांच्या मालकांना शोधून त्यांच्याशी बोलतात, हे त्या यशाचे मुख्य कारण आहे. तेथेही सगळा प्रश्न सुटला आहे असे नव्हे. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये १ लाख ६६ हजारांहून अधिक घरे रिकामी आढळली, आणि बंद घरांवर वेगळा करही आला. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात तो २०१७ पासून आहे.

आपल्याकडे याच्या उलट चित्र आहे. प्राप्तिकरात दोन घरांपर्यंत ‘स्वतःच्या वापराचे’ म्हणून वार्षिक मूल्य शून्य धरले जाते, म्हणजे दुसरे घर कुलूप लावून ठेवले तरी काही फरक पडत नाही. पालिका आपला फ्लॅट दुरुस्त करून हमी भाड्याने चालवायला घेईल, अशी योजना मात्र नाही. ती असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. पालिकेने पंचवीस किलोमीटरवर इमारत बांधण्यापेक्षा शहराच्या पोटात असलेली, पाणी आणि वीज असलेली शंभर बंद घरे हमी भाड्याने घ्यावीत. कामगाराची बस चुकणार नाही आणि आपले कुलूपही उघडेल.

तोवर आपल्या भीतीबद्दल. तिचे मूळ १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आणि पागडीच्या आठवणींत आहे, पण आजचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार, निवासासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ने दिलेले घर मुदत संपल्यावर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ते परत मिळवता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. अट एकच, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी आपली आहे. नोंदणी न केल्यास भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरले जाते, शिवाय दंडाची व कैदेचीही तरतूद आहे. करार ऑनलाइन नोंदवता येतो. पाच वर्षे बंद घराची घरपट्टी आणि सोसायटीचे शुल्क आपण भरलेच असेल. त्यापेक्षा नोंदणीचा खर्च नक्कीच कमी येईल.

प्रश्न : कोकणातील आमचे वडिलोपार्जित घर बंद आहे. ते गावातील शिक्षिका किंवा परिचारिका यांना राहण्यासाठी शासनामार्फत देता येईल का?
— एक चाकरमानी, ठाणे

उत्तर : अशी शासकीय योजना ग्रामीण भागासाठी नाही, पण आपला विचार फार मोलाचा आहे आणि तो स्वतःहून अमलात आणता येईल. अडचण बहुधा नावांची असेल. आजोबांच्या नावे असलेल्या घरात पंधरा वारसांचा हिस्सा असतो आणि एकाने कुलूप उघडले की इतर चौदांना शंका येते. म्हणून सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये वारस नोंद करून घ्यावी, आणि मुदतीचा नोंदणीकृत करार करूनच घर द्यावे. गणपतीत आणि शिमग्याला आपण घरी येणार असाल, तर माजघर व देवघर आपल्याकडे ठेवून उरलेला भाग द्यावा आणि तसे करारात स्पष्ट लिहावे.

प्रश्न : आमच्या नगर परिषदेची किती घरे रिकामी आहेत, हे कोणी सांगत नाही. सामान्य नागरिकाने काय करावे?
— एक कार्यकर्ती, मराठवाडा

उत्तर : माहितीचा अधिकार वापरावा. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये आहे, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे. ‘घरे रिकामी का आहेत’ असे विचारू नये. ‘का’ला उत्तर देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याऐवजी कागद मागावेत. घरकुल योजनेतून बांधलेल्या घरांची इमारतनिहाय यादी, प्रत्येक घराच्या ताबापावतीची तारीख, ताबा न घेतलेल्या लाभार्थ्यांना पाठवलेल्या नोटिसांच्या प्रती, त्या वसाहतीच्या नळजोडण्या व वीजमीटर यांची संख्या, आणि रिकामी घरे भाड्याने देण्याबाबत सर्वसाधारण सभेत झालेल्या ठरावांच्या प्रती, एवढे मागितले तरी पुरे. वीजमीटरचा आकडा सर्वांत बोलका असतो, कारण ताबा दिल्याचे कागद रंगवता येतात, पण मीटरचे वाचन दरमहा दुसरे खाते करत असते आणि माणूस राहत नसलेल्या घरात ते शून्यच येते.

ही माहिती हाती आली की ती घेऊन प्रथम त्या वसाहतीत जावे. तेथे जी चार-दोन कुटुंबे राहत आहेत, त्यांच्याशी बोलावे. त्यांना किती वाजताची बस हवी, पाणी किती दिवसांआड येते, शाळेत जाणाऱ्या मुली संध्याकाळी कोणत्या रस्त्याने परततात, हे लिहून घ्यावे आणि मगच नगर परिषदेकडे भाडे योजनेची मागणी करावी. मागणीच्या पत्रात घरांच्या दुरुस्तीच्या आधी बस आणि पाणी यांचा उल्लेख असावा. आपल्याला मिळालेल्या उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवल्यास पुढच्या अंकात त्यावर अवश्य लिहीन.